अमेरिकेच्या बँकेचा उपास

“मी नाई जेवत वो आज. अमेरिकेच्या बँकेची मीटिंग हाये.”

भिंतीपलीकडून विमलकाकूंचा आवाज आला आणि माझ्या हातातला ओला टॉवेल अर्धाच दोरीवर पडला. आम्ही भंडाऱ्याहून नुकतेच जवळच्याच शहापूरला राहायला आलो होतो. एकादशी, चतुर्थी मला माहीत होत्या. अमेरिकेतली मुख्य बँक व्याजदर ठरवणार म्हणून धरलेला उपास पहिल्यांदाच ऐकत होते.

काकूंकडे गाडी नाही, साधी सायकलही नाही. पण डॉलर आज चढला की उतरला, हे त्या तांदूळ निवडता निवडता सांगतात.

“व्याज वाढलं का डॉलर फुगते. तेलाचा सौदा सारा डॉलरात. मंग बाकी देशांले तेल महाग पडते, ते कमी घेते, अन् भाव बसते.”

एकदा बाबांनी त्यांना अडवलं. “मग आपल्या पंपावर काहून नाही बसत भाव?”

“डॉलर फुगला म्हंजे आपला रुपया वाळला ना, भाऊजी! तेल सस्तं, पन घेनाराच लुकडा.”

मी थक्कच झाले. कधी तेल काकूंचं ऐकत नसे, उलटंच चढे. तेव्हा त्या शांतपणे म्हणत, “कुठं तरी लढाई लागली असन.”

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे आलं. मीटिंगचा निकाल आपल्याकडे रात्री उशिरा लागतो. सकाळी मी फोनवर बातमी वाचायची, मराठीत सांगायची, मगच काकू उपास सोडणार. बँकेच्या मुख्य साहेबांना त्या ‘बुढा’ म्हणतात. “काय म्हनते बुढा?” मी सांगायचे, जेवणाला नको म्हणायचे आणि पळायचे. कुणाच्या घरी ताटावर बसायचं म्हटलं की मला फार संकोच वाटतो.

गल्ली काकूंना हसायची, त्याला कारण होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, विनोददादा, आखातात तेलाच्या विहिरीवर कामाला. तेल चढलं की त्याची नोकरी पक्की. आणि त्याची आई तेल पडावं म्हणून उपाशी! भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हाही एवढी चर्चा नव्हती, असं बाबा म्हणतात.

मी कधी विचारलं नाही. काकूंनीच एका सकाळी सांगितलं.

“मागं तेल पार बसलं होतं, बेबी. कंपनीनं विहीर बंद केली, पोरगा घरी आला. हिवाळाभर या खाटेवर दुपारी घोरे. असा घोरे, का मांजर पळून जाय! मी बाजूले बसून ऐकत राहो.” मग खाटेवरची चादर सारखी करत म्हणाल्या, “यंदा मंडईले आला पायजे.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात. काकूंच्या घरी कोण येणार, हे अमेरिकेत ठरणार होतं.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा मीटिंग झाली. सकाळी मी गेले तेव्हा लाखोरीच्या डाळीचे वडे तळून झाले होते. त्यांच्या ताटाशेजारी विनोददादाचं काठाचं ताट पुसून ठेवलेलं होतं.

“काय म्हनते बुढा?”

“व्याज कमी केलं, काकू.”

“म्हंजे डॉलर बसन.”

“हो.”

“अन् तेल चढन.” त्यांनी गॅस बंद केला. “चांगलं झालं. पोराची नोकरी टिकन.”

त्यांनी काठाचं ताट उचललं, पदरानं पुन्हा एकदा पुसलं आणि फडताळाकडे वळल्या. वडे तसेच झाकून ठेवले. स्वतःचं ताटही उपडं घातलं.

मी दारापर्यंत गेले होते. चपलेत एक पाय होता. तो काढला आणि परत आत आले.

“काकू, दादाचं ताट आत ठेवू नका,” मी म्हणाले. “मला त्यात वाढा. आणि तुम्ही पण बसा, मला एकटीला जेवता येत नाही.”