उघड्या पाठीचा खोका

मामाने जोडलेलं लाकूड पुन्हा उघडत नाही, हे त्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. एका गृहस्थाने मामाने बनवलेल्या कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतलं. तीन लोहार आले, घाम पुसून गेले. शेवटी मागची भिंत पाडून पाहिली. भिंत पडली, कपाट तसंच उभं. त्या गृहस्थाने मुकाट्याने नवे कपडे शिवून घेतले.

त्यामुळे बहिणीने जेव्हा हळूच म्हटलं, "दादा, यांचा तो गिटारचा ॲम्प एकदा लावून दाखवेल का रे कोणी?" तेव्हा मामाने छातीवर हात ठेवला. "कोणी कशाला? मी आहे ना!"

मेव्हणे जाऊन वर्ष होत आलं होतं. एवढ्या काळात बहिणीने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी तशीच प्यायची. आणि मागितलं ते काय, तर ज्या आवाजापायी तिने जन्मभर आतल्या खोलीतून "कमी करा हो" असा धोशा लावला, तोच आवाज. मामाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठला तो करवत घेऊनच.

गिटारचा आवाज वाढवणारा तो ॲम्प धडधाकट होता. स्पीकरच्या खोक्याचं मात्र वाळवीने पीठ केलं होतं. मामाने त्यातले चार स्पीकर सोडवले, तारा कात्रीने कापल्या, आणि पिठाला काडी लावली. जुन्या खोक्याला पाठ नव्हती, हे त्याने पाहिलं होतं. "भावोजींचा आळस," तो मामीला म्हणाला. "तोंड केलं आणि पाठ विसरले."

आठवड्यात बहिणीच्या घरी नवा खोका उभा राहिला. सागवानी, गुळगुळीत, एकही खिळा नाही. आत तारांचा गुंता मामाला बघवेना, म्हणून त्याने चारी स्पीकर एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखे नीट ओळीत जोडले. मग पाठ बसवली, सरस ओतला, लाकडी खुंट्या ठोकल्या आणि वर पॉलिश मारलं.

"हा आता सात जन्म उघडत नाही," तो म्हणाला.

भाची गिटार आणि मीटर घेऊन आली. तिने मीटरच्या दोन टोकांनी खोक्याबाहेरचं तार खुपसायचं भोक चाचपलं आणि तिचा चेहरा पडला.

"मामा, ॲम्पला आठ ओहम हवेत. हा पंचवीसच्या पुढे दाखवतोय."

"मग चांगलंच की. जास्त दिलंय."

"तूप नाही ते मामा, जास्त वाढायला. स्पीकर ॲम्पला किती अडवतो, त्याचं ते माप आहे. चारही एकामागे एक जोडलेत तुम्ही. प्रत्येकाची अडवणूक बेरजेत पडली."

"न अडवलेलं बरं, म्हणजे."

"तसंही नाही. फार अडवलं तरी आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, फार मोकळा सोडला तरी जळू शकतो. बाबांचा आहे तो. तसा आता कोणी बनवत नाही. गेला, तर बाबांचा आवाज गेला."

आत बहीण धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्याच चादरीच्या तिसऱ्यांदा.

मामाने करवत उचलली आणि आपल्याच सात जन्मांना चीर दिली. लाकूड असं किंचाळलं की शेजारचं कुत्रं खाटेखाली गेलं.

आता त्याने चारही स्पीकर शेजारीशेजारी जोडले, म्हणजे कोणी कोणाच्या वाटेत नको. आणि, हाताला सवय ती सवय, भाची चहाचा कप ठेवायला आत गेली तेवढ्यात नवी पाठ चिकटवून मोकळा झाला.

भाचीने मीटर लावला. "दीड."

"आठाच्या खाली आहे ना?"

"मामा, आता चार दारं सताड उघडी टाकल्यासारखं झालंय. ॲम्प धाप लागून मरेल."

मामीने दारातून डोकावून पाहिलं. "त्या खोक्याला चेन बसवा एकदाची. पँटला असते तशी."

मामा पुन्हा कापायला बसला. करवत चालली होती आणि डोकंही. थोड्या वेळाने तो थांबला. "म्हणजे अडवणारं पाहिजे, पण बेताचं."

"हो."

"तुझ्या आईसारखं."

तारा भाचीनेच हातात घेतल्या. दोघांची एक जोडी एकामागे एक, दुसऱ्या दोघांची तशीच, आणि मग त्या दोन जोड्या शेजारीशेजारी. मीटर साडेसहाच्या आत थांबला. मामाचा हात लगेच करवतीकडे गेला.

"राहू द्या. स्पीकरचं माप मीटर थोडं कमीच दाखवतो. हे बरोबर आहे. बाबांनीही असंच जोडलं असणार."

पाठीला लाकूडच उरलं नव्हतं. दोनदा कापून सागवानाच्या फक्त ढलप्या राहिल्या होत्या. मामाने नाइलाजाने खोका तसाच भिंतीसमोर जरा तिरका उभा केला, उघड्या पाठीचा, आणि लाजेने तोंड दुसरीकडे केलं.

ॲम्प लावला आणि तापू दिला. भाचीने तार छेडली. आवाज समोरून आला, मागून निघून भिंतीवर आपटला आणि अख्खी खोली जुनी झाली. भाची बाबांना अर्धीच यायची ती चाल वाजवत राहिली. आतून काही हालचाल नाही. भाचीने बटण वाढवलं. काही नाही. अजून वाढवलं. मांडणीवरचे कप थरथरले.

"अगं, कमी कर ना ते!" आतून आवाज आला.

भाचीने बटण खाली आणलं.

"इतकं नाही," पुन्हा आतून.

मग बहीण बाहेर आली. खांद्यावर चादर तशीच. तिने खोक्याच्या उघड्या पाठीत हात घातला, आतली थरथरणारी हवा चाचपली.

"यांचाही असाच होता. मी किती वेळा म्हटलं, दादाकडून मागे फळी बसवून घ्या, धूळ जाते. तर म्हणायचे, दादाने बसवली तर उद्या उघडायची कोणी?"

मामी पदर तोंडाशी धरून आत पळाली. मामाने काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने सरसाची बाटली पायाने हळूच खोक्याच्या आत ढकलली. पण खोक्याला पाठ नव्हती. ती सगळ्यांना दिसत राहिली.