गळक्या नळाच्या सिनेमातली आग

सोमवारी सकाळी साडेआठला घड्याळजी खिडकीशी उभा राहून, डोळ्याला भिंग लावून स्वतःचंच अक्षर वाचत होता, आणि त्याला ते लागत नव्हतं. भिंगात खोट नव्हती. त्यातून त्याला केसाएवढी स्प्रिंग दिसायची, मुंगीच्या डोळ्याएवढ्या स्क्रूवरचा ओरखडा दिसायचा. पण वहीच्या त्या पानावर शिसपेन्सिलीच्या ओळी एकमेकींच्या अंगावर अशा पडल्या होत्या की कुठली कुणाची ते कळेना. एक ओळ तर सरळ सांगत होती, 'म्हातारा भरधाव ट्रकमधून नळाखाली बादली सरकवतो.'

आणि बारापर्यंत तीनशे शब्द छापखान्यात पोचवायचे होते.

घड्याळजीला अंधारात लिहायची सवय होती. सिनेमा चालू असताना मान खाली घालायची नाही. डावा अंगठा कागदावर टेकवायचा, त्याच्या वर एक ओळ लिहायची, अंगठा बोटभर खाली सरकवायचा, की पुढची ओळ. सात वर्षं तो असं लिहीत होता आणि चित्रपट मंडळाच्या पत्रकात त्यातलं एक अक्षर आलं नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्या त्याचा कागद दर वेळी परत करायच्या, कारण त्यात सिनेमा कमी आणि घड्याळ जास्त असायचं. 'दार, चार मिनिटं अकरा सेकंद. दारातून कोणी आलं नाही.' 'समुद्र, सहा मिनिटं. लाटा नियमित.' रविवारी खेळाच्या आधी मात्र बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"या वेळचं तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "सेकंद नकोत. काय वाटलं ते लिहा. शुक्रवारी दिग्दर्शक स्वतः येणार आहेत, त्यांच्या हातात पत्रक पडणार आहे."

सात वर्षांनी नाव छापून येणार, तेही दिग्दर्शकाच्या हातात. त्या आनंदात घड्याळजी आत जाऊन बसला, आणि घात तिथेच झाला.

त्या घरात रविवारचा एक करार होता. सकाळचा सिनेमा त्याचा, म्हणजे मंडळाचा. दुपारचा बायकोचा, म्हणजे मोठ्या थेटरातला. दोघांनी दोन्हीकडे जायचं, कुरकुर करायची नाही. सकाळच्या सिनेमात तळ्याकाठी एक घर होतं, घरात एक म्हातारा होता आणि तो प्लंबरची वाट बघत होता. नळ गळतो, म्हातारा बघतो. म्हातारा बघतो, नळ गळतो. बिचारा घड्याळजी. दुसऱ्या कुणाला ते सोसलं असतं, पण तो थेंब एका लयीत पडत नव्हता. दोन सेकंद, मग तीन, मग दीडच. त्याच्या हातांना खाज सुटली. पडद्यात हात घालून तो नळ एकदाचा वेळेवर लावून द्यावा असं त्याला झालं. तो एकदा पाणी प्यायला बाहेर गेला, एकदा पाणी प्यायल्यामुळे बाहेर गेला. तिसऱ्यांदा उठू लागला तेव्हा बायकोने बाही धरून खाली बसवलं. मग कधी डोळा लागला ते त्याला कळलंच नाही. जाग आली ती टाळ्यांनी.

दुपारी गंमत उलटी. पडद्यावर एक ट्रकवाला भावाचा सूड घ्यायला निघाला होता. पूल कोसळत होते, जहाजाच्या डेकवर दोनशे माणसं नाचत होती, आणि घड्याळजीचे पाय पाळण्यातल्या मुलासारखे गप्प होते. पेन्सिल तेवढी धावत होती. बायकोच्या सिनेमांबद्दलही आपण लिहितो हे त्याने आजवर मंडळात कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या धावपळीत त्याने पान उलटलंच नाही. सकाळच्या म्हाताऱ्याच्या अंगावरून दुपारचा ट्रक गेला.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला विचारलं असतं. पण रविवारी घरातून निघतानाच तो तिला म्हणाला होता, "हा जरा अवघड आहे बरं का. नाही कळला तरी वाईट वाटून घेऊ नकोस." त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार की मीच झोपलो? त्याने घड्याळजीला शोभेलसा मार्ग काढला. दोन घड्याळांचे भाग एका ताटलीत मिसळले की आधी एक घड्याळ पुरं जुळवायचं. उरेल ते दुसऱ्याचं. बायकोला तिच्याच सिनेमाचं विचारायचं. तिचं नसेल ते आपलं.

बायको जन्माच्या दाखल्यांच्या खिडकीवर काम करायची. सोमवारी खिडकीपुढे रांग असते. त्याने फोन लावला तेव्हा तिच्या एका हातात शिक्का होता.

"अगं, कालच्या तुझ्या सिनेमात पूल होता ना?"

"होता. का?"

"सहज. कुत्रा?"

"कुत्रा नव्हता. अहो, रांग आहे इथे."

"बरं, छपरावर चढून पत्रं जाळतो, ते?"

तेवढ्यात तिचे साहेब मागे येऊन उभे राहिले आणि तिने फोन टेबलावर ठेवून दिला. पण तो बंद केला नव्हता, आणि घड्याळजी त्यातून तोच प्रश्न मोठ्याने विचारत राहिला. खिडकीशी दोन तास उभा असलेला एक गृहस्थ आत वाकून फोनला म्हणाला, "छपरावर नाही हो, आग गोदामात लागते. मी दोनदा पाहिलाय."

घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे छपरावरची आग म्हाताऱ्याची. त्याने बैठक मारली आणि लिहीत सुटला. शेवट तर असा उतरला की त्याचेच डोळे भरून आले. 'अखेर तो म्हातारा छपरावर चढतो आणि जन्मभर जपलेली पत्रं पेटवून देतो. खाली गळणारं पाणी, वर जळणारी आग, आणि मधे एक माणूस.' बारा वाजायला सात मिनिटं असताना त्याने कागद छापखान्याच्या टेबलावर ठेवला.

मंगळवारी पत्रक घरोघर गेलं. संध्याकाळी बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "मधे एक माणूस, हे फार छान. फक्त ही आग आमच्या सिनेमातली आहे."

"तुझ्या खिडकीवरचा माणूस तर म्हणाला गोदामात."

"तो दुसऱ्याच सिनेमाचं सांगत होता. त्यातही ट्रक आहे, त्यातही सूड आहे."

घड्याळजी खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. मग माझ्या सिनेमात शेवटी काय होतं, असं त्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. बायकोने पत्रकाची घडी घातली. "मला काय विचारता? मला तो अवघड होता ना," म्हणाली, आणि आत गेली.

बुधवारी त्याने छापखाना गाठला. छापखानेवाल्याने हात झाडले. सगळ्या प्रती वाटून झाल्या होत्या. तिथून तो अध्यक्षबाईंच्या घरी गेला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं, बाई, माझी एक चूक झाली. पण पहिल्या दोन शब्दांपुढे जाऊ न देता बाई म्हणाल्या की ते आगीचं दृश्य रविवारपासून त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. हे सांगताना त्या मात्र त्याच्याकडे न बघता कुंडीतल्या झाडाची वाळलेली पानं काढत होत्या. घड्याळजी आला तसा परत फिरला. कोपऱ्यावर मंडळाचे चिटणीस भेटले, निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांनी त्याला थांबवून सांगितलं की ज्वाळेत शेवटी जी निळी छटा येते तिच्याबद्दल दोन शब्द हवे होते, ते राहिले. गुरुवारी एक सभासद बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आला आणि आग बघून आपल्याला वडील आठवले म्हणून गेला.

तो गेल्यावर घड्याळजी चिमटा हातात धरून तसाच बसून राहिला. हळूहळू त्याला उमगलं. त्या रविवारी तो एकटाच झोपला नव्हता. सगळं मंडळ झोपलं होतं, आणि ज्याला त्याला वाटत होतं की डोळा लागला तो आपलाच, आणि आग लागली ती नेमकी तेव्हाच. गुरुवारी त्याने तीन घड्याळं उघडली आणि एकही बंद करू शकला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. दिग्दर्शक अंगाने किडकिडीत, चेहऱ्याने दमलेला, मांडीवर प्रवासाची पिशवी घेऊन बसलेला. अध्यक्षबाईंनी स्वागत केलं आणि ओघात आगीवर आल्या. आगीवरून त्या पाण्यावर गेल्या, पाण्यावरून पुन्हा आगीवर. दिग्दर्शक आधी त्यांच्याकडे बघत होता, मग हातातल्या पत्रकाकडे बघू लागला. त्याने ते उलटून मागचा कोरा भागही पाहिला. घड्याळजी तिसऱ्या रांगेत होता. त्याचा उजवा गुडघा हलत होता, आणि बायकोने आज तो धरला नव्हता.

बाईंचं संपल्यावर दिग्दर्शकाने अगदी मऊ आवाजात विचारलं, "ही आग कुणी कुणी पाहिली?"

बाईंचा हात आधी वर गेला. मग स्टेशनमास्तरांचा. मग एकेक करत सगळे. एकमेकांकडे चोरून बघत, शाळेतल्यासारखे. दोनच हात खाली राहिले, तिसऱ्या रांगेत, शेजारी शेजारी.

दिग्दर्शक त्या हातांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; राग असता तर परवडला असता. दूरच्या नातेवाइकाकडे जावं आणि त्यांनी भलत्याच नावाने हाक मारावी, तसा तो चेहरा झाला होता. घड्याळजीला ते बघवेना. सात वर्षांनी मिळालेली जागा आता जाणार हे त्याला दिसत होतं, आणि तरी पाय आपोआप सरळ झाले.

"साहेब, ती आग मी घातली," तो म्हणाला. "माझा डोळा लागला होता. दुपारी दुसरा सिनेमा पाहिला, त्यातली ती तुमच्यात आली. या मंडळींनी माझ्यावर विश्वास ठेवला, बाकी त्यांचा दोष नाही."

वर गेलेले हात किल्ली संपल्यासारखे हळूहळू खाली आले. स्टेशनमास्तर छताचा पंखा निरखू लागले. बाईंनी घड्याळजीकडे अशी नजर टाकली की त्याने तेवढ्यात मनोमन राजीनामाही लिहून टाकला. झोपला त्याबद्दल नव्हे, जागा झाला त्याबद्दल त्या त्याला क्षमा करणार नव्हत्या.

दिग्दर्शकाने पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली. "म्हणजे शेवटपर्यंत कुणीच नाही पाहिला," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"मी पाहिला," बायको म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. ती काही उभी राहिली नाही. खिडकीवर बसून लोकांना कागद समजावते तशीच बसल्याबसल्या सांगू लागली.

"शेवटी प्लंबर येतो. बरा माणूस असतो. पिशवीतून पाना काढतो, तर म्हातारा म्हणतो, आधी बसा. ते दोघं बसतात. मग म्हातारा म्हणतो, राहू द्या तो नळ तसाच, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. प्लंबर पाना पिशवीत ठेवतो. पण जात नाही. बसून राहतो."

दिग्दर्शकाने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. आला तेव्हापासून त्याने ती पहिल्यांदाच खाली ठेवली होती.

"नऊ गावांत दाखवला," तो म्हणाला. "प्लंबर जात नाही, हे कुणी मला सांगितलं नव्हतं." मग जरा लाजल्यासारखं त्याने विचारलं, "आणि ती आग? ती ट्रकवाल्याच्या सिनेमातली का?"

"तीच," बायको म्हणाली.

"मी तीनदा पाहिलाय तो. जहाजावरचा नाच काय घेतलाय हो." मग तो घड्याळजीकडे वळला. "तुम्ही ती आग अगदी बरोबर लिहिली आहे. निळी छटा तेवढी राहिली."

स्टेशनमास्तर पंख्यावरून खाली आले आणि बाईंकडे विजयाने बघू लागले. त्यानंतर तासभर दिग्दर्शक आणि बायको त्या ट्रकवाल्याबद्दल बोलत होते आणि मंडळ कान देऊन ऐकत होतं. निघताना बाईंनी दारात बायकोचा हात धरला आणि पुढच्या पत्रकातलं तीनशे शब्दांचं लिखाण तिच्याकडे दिलं. घड्याळजीला त्या म्हणाल्या, "तुमच्याही दोन ओळी लागतील. दुरुस्तीच्या."

सात वाजले होते. रस्त्यावरची दुकानं अजून उघडी होती. दोघं घराकडे चालत होते. तो एक पाऊल पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा पुढे जायचा. शेवटी त्याला राहवेना.

"अगं, एवढं मंडळ झोपलं. स्टेशनमास्तर झोपले, बाई झोपल्या. तू कशी जागी राहिलीस?"

"मलाही येत होती झोप," बायको म्हणाली. "पण तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होता. हलले असते तर जागे झाला असता. मग म्हटलं, आता समोर आहे ते बघावं."