डाव्या हातातला कप

हे सांगायचं मी कैक वर्षं टाळलं. महबूबभाई होते तोवर धीर झाला नाही, आणि ते गेल्यावर कुणी विचारलं नाही.

वडवणीत त्यांचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. माणूस लाखमोलाचा, पण खोड विचित्र. चहाचा कप समोरच्याच्या डाव्याच हातात द्यायचे. उजवा पुढं आला की कप मागं. एकदा एक पुढारी खवळले, "डावा हात कशाला असतो, ठाऊक हाय का बे?"

"म्हनून तर, साहेब! दिवसभर रिकामा बसतो बिचारा. बंद ठिवलं की जाम. मोटार असू द्या, न्हाईतर मानूस."

कुणाला लकवा मारला, दवाखान्यातून घरी आणलं, की महबूबभाई तिसऱ्या दिवशी हजर. बाकीचे नारळ-बिस्किटं घेऊन येत आणि सुस्कारे टाकत. हे विहिरीची जुनी कप्पी आणि दोरी घेऊन येत. दवाखान्यानं दिलेला व्यायामाचा कागद मागून घेत, चष्मा कपाळावर चढवून वाचत, कप्पी आढ्याला टांगत आणि म्हणत, "ओढा."

माझ्या शकुंतलेची डावी बाजू गेली, तेव्हा तो कागद मी कॅलेंडरमागं खोचून ठेवला होता. तलाठ्याची नोकरी केलेली. कागद जपून ठेवायची सवय. तिला मीच भरवायचो, मीच पाणी पाजायचो. गल्लीत माझं कौतुक चाललं होतं. महबूबभाई आले आणि त्यांनी तिच्यापुढं भुईमुगाच्या शेंगा ओतल्या. "भाभी, डाव्या हातानं. दोन फुटल्या तरी लई झालं."

एका दुपारी मी घरात आलो, तर ती घामाघूम, डोळ्यांत पाणी, आणि हे म्हणतायत, "आजून एक."

माझं डोकं फिरलं. "आजारी बाईला कामाला लावता? उद्यापासून माझी पायरी चढू नका!"

"भाऊसाहेब, तीन फोडल्या त्यांनी," एवढंच बोलले. शकुंतलाही काही सांगत होती. जीभ जड झालेली. मी ऐकायला थांबलो नाही.

वर्षभरात तिची मूठ मिटली, ती उघडेना. अंबाजोगाईला नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरी हाताचा व्यायाम कोण घ्यायचं?"

"एक मेकॅनिक. त्यानंच हात बिघडवला," मी म्हणालो.

हेच मग गल्लीत सांगितलं, बाजारात सांगितलं. लोकांनी महबूबभाईंना बोलवायचं सोडलं. पुढं लकवा झालेले आमच्या गल्लीतले दोघं खाटेवरून उठलेच नाहीत. कप्पी दुकानात खिळ्याला लटकत राहिली.

शकुंतला गेली तेव्हा महबूबभाईंची मुलगी नसीम भेटायला आली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काका, आमच्या अम्मीला लकवा झालता, तवा अब्बांनीबी तुमच्यासारखंच जपलं. चार वर्षं घास उचलू दिला न्हाई. अम्मी गेली तरी मूठ उघडली न्हाई. तवापासून त्यांचं हे डाव्या हाताचं चालू हाय."

दुसऱ्या आठवड्यात दुकानात गेलो. माफीचं वाक्य रस्ताभर घोकलं होतं. त्यांनी काही न विचारता चहा मागवला. मी आपणहून डावा हात पुढं केला. कप देऊन ते माझ्या बोटांकडं बघत राहिले.

"पकड चांगली हाय, भाऊसाहेब."

वाक्य ओठांपर्यंत आलं. मी म्हणालो, "साखर जरा जास्त झालीय."