रेझिनच्या राणीवर प्रायमर चढला त्याची हकीकत

कट् असा बारीक आवाज जाहला आणि भर दुपारची सामसूम मोडली. आतल्या खोलीत युवराज्ञी, उमर वर्षे चार, कूस पालटत्या जाहल्या. मातोश्रींनी श्वास रोखिला, हातीचा नेलकटर हवेतच थांबविला, आणि पुन्हा घोरण्याची मंगल वार्ता कानी आली तेव्हा मोहीम पुढे चालली.

सदर मोहिमेचे कारण ऐसे. मातोश्री पूर्वी टेबलावरील लढायांत मातबर सरदार. चिमुकल्या फौजा रंगवाव्या, फासे टाकावे आणि भल्याभल्यांस पाणी पाजावे, हा शिरस्ता. पुढे कन्यारत्न जाहले आणि तलवार म्यान जाहली. मग चार वर्षांनी जुन्या मैत्रिणीचा खलिता फोनवर आला की, “रविवारी डाव आहे, तुझी जागा धरून ठेवलीये. पण तुझ्या फौजेची राणी रंगवून आण, नाहीतर टेबलाला हात लावू देणार नाही. आणि आताही नाही आलीस तर बस मग पोरगी कॉलेजात जाईपर्यंत!” हा टोला वर्मी बसला. उद्या रंग चढवावयाचा तर खालचे अस्तर, म्हणजे प्रायमर, आजच वाळला पाहिजे. आणि अवधी काय तो युवराज्ञींच्या निद्रेचा, तास सव्वा तास.

मग छापतेवेळी अंगास चिकटलेल्या टेकूच्या काड्या नेलकटरने छाटोन बोटभर उंचीच्या रेझिनच्या राणीस सोडविले, आणि पाहतात तो हातीचा भाला कुत्र्याच्या शेपटासारखा वाकडा. मग गरम पाण्यात बुडवून सरळ केला आणि लागलीच गार पाण्यात धरून ताठ केला, आणि भुकटी उडोन नाकातोंडी न जावी म्हणोन पाण्यातच पॉलिशपेपर फिरविला. पूर्वी एका राक्षसास न धुता प्रायमर मारिला, तेव्हा अंगच्या तेलकटपणाने पापुद्रे निघोन राक्षसाची अब्रू गेली होती; सबब या खेपेस साबण आणि न्हाणीघरातील निळा टूथब्रश घेऊन राणीसाहेबांस काखेपासून टाचेपर्यंत घासिले.

आता खरा गनीम उभा राहिला. प्रायमरचा स्प्रे दोन मिनिटे हालविल्याविना चालत नाही, आणि हालविता आतील गोळी ऐसा खडखडाट करी की मेलेला उठावा. तेव्हा मातोश्रींनी अजब तजवीज केली. डबा युवराज्ञींच्या दुलईत गुंडाळिला, छातीशी धरिला आणि गॅलरीत उभ्याने जोजवू लागल्या. इतक्यात घरूनच कचेरी चालविणारे अहो चहाच्या शोधात आले आणि दुलई पाहून थिजले.

“अगं, ती आत झोपलीये ना? मग हे कोण?”

“प्रायमर. हळू बोला.”

“बरं. माझा निळा ब्रश पाहिलास का गं?”

यावर हुकूम सुटला की, अहोंनी नवा ब्रश काढावा आणि कारण पुसो नये.

मग मास्क बांधोन, वीतभर अंतर राखोन, वाऱ्याकडे पाठ करोन मातोश्रींनी पातळ पातळ तीन हात मारिले, आणि वाळताच टाचेशी नख लावून पाहिले. पापुद्रा निघाला नाही. येणेप्रमाणे शुक्रवारी प्रहर दिवस राहता प्रायमर कायम जाहला, भाला ताठ राहिला, कुमक कोणाची न घेता फत्ते मातोश्रींची जाहली, हे दफ्तरी लिहिले असे.

तोच युवराज्ञी डोळे चोळीत बाहेर आल्या, राणीस न्याहाळित्या जाहल्या, आणि आईच्या पदराचे टोक मुठीत धरून पुसत्या जाहल्या, “आई, ही लढायला चाललीये ना? मग हिच्या बाळानं हिला सोडलं कसं?”