शारदाअक्का आणि कूपनांचे बेडूक

शारदाअक्कांच्या हातात सपाट कागद टिकत नाही. हेब्बाळच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहतात आणि दिवसभर घरी असतात, म्हणून वॉचमन सगळ्यांची विजेची बिलं त्यांच्याकडे ठेवतो. परिणामी माझं बिल दर महिन्याला मला हत्तीच्या रूपात मिळतं. भरायचा आकडा हत्तीच्या पोटात असतो. एकदा त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीची होडी केली आणि औषधाच्या दुकानात तीच पुढे सरकवली. दुकानदाराने होडी उलगडून गोळ्या दिल्या, पण त्याला ती परत जमवता येईना. अक्कांनी तिथेच काउंटरवर त्याची शिकवणी घेतली. मागे रांग ताटकळत होती.

अक्का मूळच्या निपाणीच्या. नोकरीची सगळी वर्षं एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करणाऱ्यांचं मंडळ काढलं. 'कडेला कड लाव, मग तोंड उघड' हा त्यांचा मंत्र. तो त्या कागदापुरता ठेवत नाहीत. नवा फ्लायओव्हर बघून म्हणतात, "कडेला कड लागली नाही बघ." कुणाचं लग्न मोडलं तरी निदान हेच.

मंडळाचं वर्षातून एकदा दोन दिवसांचं संमेलन असतं. मी अक्कांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढ्या पात्रतेवर मी स्वयंसेवकांचा प्रमुख झालो. 'कोण कोण येणार?' असं ग्रुपवर विचारलं की भराभर अंगठे उमटतात. प्रत्यक्ष दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाची, महादेवपुऱ्याची मंडळी ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि उरलेल्यांच्या ऑफिसात नेमका सर्व्हर बसतो. मी चिडलो की अक्का समजावतात, "रागावू नको, सुहास. पगार दिला असता तर कापला असता. आता काय कापतोस?"

दरवर्षी न चुकता येणारा एकच, प्रतीक. समोरच्या गल्लीत भाड्याने राहणारा पुण्याचा इंजिनियर. दर वर्षीच्या धावपळीने तो इतका टेकीला आला होता, की यंदा त्याने आधीच बजावलं, "अक्का, ह्या वेळी गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी संमेलन ऑनलाइन. फायनल."

"सरी, सरी," अक्कांनी कानडी होकार दिला. "गोंधळ होणारच नाही. आणि पाहुणे माझ्याकडंच उतरणार."

हा दुसरा वादाचा मुद्दा. हुबळी, म्हैसूर, सोलापूरहून येणारी मंडळी अक्का स्वतःच्या दोन खोल्यांत कोंबतात. मी एकदा हॉटेलचं सुचवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाहुणे गेले की त्याच कुरकुरतात. हुबळीचा घोरतो, सोलापूरची बाई मीठ शोधायला सगळे डबे उघडते, पुढच्या वर्षी एकालाही घेणार नाही! पुढच्या वर्षी महिनाभर आधी गाद्या उन्हात पडलेल्या असतात.

यंदा प्रतीकने तयारीत कसर ठेवली नाही. वाटा दाखवणारे बाण भाड्याच्या हॉलच्या भिंतींवर लावले. जेवणाची कूपनं जाड, रंगीत कागदाची, छान चौकोनी कापली. आमची घोडचूक झाली ती इथे. घड्या घालणाऱ्या माणसांच्या हातात आम्ही चौकोनी रंगीत कागद दिला आणि वर त्यांना प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐकत बसवलं.

भाषण संपलं तेव्हा हॉलमध्ये एकही कूपन उरलं नव्हतं. सगळ्यांचे बेडूक झाले होते. बाणांचा कागदही चांगला निघाल्यामुळे त्यांचे बगळे झाले. बाण नसल्याने म्हैसूरचे तिघं शेजारच्या हॉलमधल्या बारशाला गेले आणि जेवूनच परतले. बाळाचं नाव छान ठेवलंय म्हणाले.

इकडे जेवण देणारे भट ताटांसमोर आडवे उभे. "ई कप्पे तगोंडु नान् एन् माडली?" हे बेडूक घेऊन मी काय करू, असा त्यांचा रास्त सवाल होता. कूपन उलगडून दाखवा म्हटलं तर एकही सभासद तयार होईना. हाडाचे कलावंत! प्रतीक डोकं धरून पायरीवर बसला.

अक्का पुढे झाल्या. "भटरे, स्वल्प थांबा. बुडावर बोट दाबा. बेडकानं उडी मारली की ताट द्या."

भटांनी दाबलं. बेडूक थेट कोशिंबिरीपर्यंत गेला. भट हसले आणि रांग सरकली. ज्यांच्या बेडकांनी उडी मारली नाही, ते बाजूला उभं राहून निमूटपणे पुन्हा घड्या घालत होते. अक्का त्यांच्या मागून फिरत होत्या, "कडेला कड लाव! भूक लागलीय म्हणून घाई करालास का?"

पुढच्या रविवारी अक्कांच्या घरी बैठक झाली. प्रतीकने लॅपटॉप उघडून मुद्दे मांडले. हॉल नको, जेवण नको, विनवण्या नकोत. ज्याने त्याने आपापल्या घरी बसून घड्या घालाव्यात. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. आता अक्का तुटून पडतील म्हणून मी सावरून बसलो. पण त्या हातातला कागद दुमडत राहिल्या.

"ऑनलाइन केलं तर," त्या शेवटी म्हणाल्या, "सकाळी आंघोळीचं पाणी कुणासाठी तापवू?"

प्रतीकने लॅपटॉपवरून मान वर केली.

"वर्षभर एका बादलीपुरता गीझर लावते रे मी. ते दोन दिवस बाथरूमपुढं रांग लागते, भांडणं होतात, कुणाचा टॉवेल कुणी घेतो. मला बरं वाटतं."

इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतोय, आणि हे मला कधी जाणवलं नव्हतं. फार वाईट वाटलं. प्रतीकने लॅपटॉप मिटला.

"अक्का, पुढच्या वर्षी मीपण तुमच्याकडेच उतरतो."

"तू? तुझी खोली तर समोरच्या गल्लीत आहे की!"

"तरी उतरतो."

अक्कांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "पण आंघोळीला तुझा नंबर शेवटचा."