खिडकीजवळचं मशीन कायम झालं

जयसिंगरावांनी ठरवलं, खिडकीजवळच्या मशीनला कायम करायचं. निर्णय एवढासाच होता. घरात कुणाला विचारावा एवढा मोठा तर मुळीच नव्हता. (मोठ्या निर्णयांत त्यांना कुणी विचारत नसे, त्यामुळे छोटे ते परस्पर उरकून टाकत.)

मिल बंद पडल्यापासून त्यांना बसायला हक्काची खुर्ची नव्हती. घरात खुर्च्या होत्या. पण कामावरच्या खुर्चीतल्या माणसाला कुणी "जरा उठा, झाडू मारायचाय" असं म्हणत नाही. मग त्यांची मुलगी प्रियंका विजय नगरच्या एका कंपनीत लागली. तिथून भंगारात निघालेली जुनी मशीनं आणून तिने छत्रीबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे थाटला आणि काउंटरची खुर्ची बाबांना दिली. आनंदीबाईंनी मात्र नवऱ्याला अट घातली.

"बारावीच्या रिझल्टच्या दिवशी सगळं नीट चाललं तर खुर्ची तुमची. नाहीतर काउंटर मी बघेन."

मशीनं म्हातारी, मेमरी नावापुरती. म्हणून प्रियंकाने त्यांच्यात एक अगदी हलका, एवढुसा प्रोग्राम बसवला होता.

"बाबा, मशीन चालू झालं की हा विचारतो, कोणी ॲड्रेस देतं का? ॲड्रेस म्हणजे नेटवरचा नंबर, त्यावरच उत्तरं येतात. काउंटरवरचं मशीन रिकामा असेल तो नंबर देतं. तेवढ्यापुरता. मुदत संपत आली की पुन्हा मागायचा. सब ऑटोमॅटिक. तुम्ही फक्त बटन दाबा."

"आणि उद्या दुसराच नंबर दिला तर?"

"देऊ दे ना. क्या फर्क पडता है?"

जयसिंगरावांना फरक पडत होता. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मिलमध्ये बदली कामगार म्हणून काढली होती. रोज सकाळी फाटकावर उभं राहून विचारायचं, आज काम आहे का? कायम कामगारांपैकी जो आला नसेल त्याच्या यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मुकादम, कुणाला तरी पाठवायचा, त्या दिवसापुरतं. बाकीच्यांनी डबा घेऊन घरी जायचं. आनंदीबाई तो भरलेला डबा काही न बोलता उघडायच्या, आणि त्या न बोलण्याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. पुढे ते कायम झाले, १०७ नंबरचा पितळी बिल्ला मिळाला, आणि थोड्याच दिवसांत मिललाच टाळं लागलं.

रिझल्टच्या आदल्या संध्याकाळी खिडकीजवळचं मशीन पडद्यावर ओळीमागून ओळ टाकत नंबर मागत बसलं. जयसिंगरावांना ते बघवेना. प्रियंकाला टाइप करताना पाहून पाहून जेवढं येत होतं तेवढ्या बळावर त्यांनी तो प्रोग्राम बंद केला आणि मशीनला आपल्या हाताने पक्का नंबर दिला. त्यातला शेवटचा आकडा, १०७. वर कुंकवाचं बोटही लावलं.

"आता तुला कुणापुढे हात पसरायला नको," ते मशीनला म्हणाले. (मिलच्या मॅनेजरने त्यांना याच्या अर्धंही कधी म्हटलं नव्हतं.)

सकाळी खोली गच्च भरली. सगळ्यांत पुढे तुकोजी, मिलमधले जुने सोबती. त्यांच्या सुनीताचा रिझल्ट होता. जयसिंगरावांनी तिला मानाने खिडकीजवळ बसवलं. पान अर्धं उघडलं आणि थांबलं. भिंतीकडच्या मशीनवरही तोच प्रकार.

"क्या हुआ भिया? चल नहीं रहा?" तुकोजींनी विचारलं.

"चालेल. नवीनच कायम झालंय, जरा दडपण असतं."

"कोण कायम झालंय?"

जयसिंगरावांनी माऊस उगाच पुसला. सुनीता रडवेली झाली. "काका, मी फेल असेन म्हणून तर दिसत नसेल ना?"

जयसिंगरावांनी पान पुन्हा उघडून पाहिलं, तेही अर्ध्यावरच थांबलं. शेवटी तुकोजी तिला घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या कॅफेत गेले आणि त्यांच्यामागून सगळी खोली उठली.

आनंदीबाईंनी मुलीला कंपनीत फोन लावला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, काल काही केलं का तुम्ही?"

"खिडकीवाल्याला कायम केलं. १०७ वर."



"पण हे काउंटरच्या मशीनला सांगितलं कुणी? त्याने १०७ रिकामा समजून भिंतीकडच्याला देऊन टाकला. आता आलेलं उत्तर दोघांपैकी कुणाला द्यायचं तेच कळत नाहीये."

"म्हणजे एका मागावर दोन माणसं?"

"हो. आणि कायमच करायचं होतं तर मला सांगायचं, बाबा. तेही करता येतं, काउंटरवरूनच."

जयसिंगरावांनी रिसीव्हर ठेवला. मग त्यांनी आपला नंबर स्वतःच काढला आणि तो एवढुसा प्रोग्राम परत चालू केला. मशीनने मागितला, काउंटरने दिला, काम सुरू. मशीनला त्यात लाज वाटल्याचं काही दिसलं नाही. ती जयसिंगरावांनाच वाटत होती.

सुनीता पहिल्या वर्गात पास झाली. संध्याकाळी तुकोजी पेढे घेऊन आले. दोन्ही कॅफेत वाटले, आधी पलीकडच्या.

दुसऱ्या दिवशी जयसिंगराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत आले. खुर्चीत आनंदीबाई बसल्या होत्या, चष्मा लावून. त्या उठतील असं काही दिसेना. जयसिंगराव दारातच थबकले, आणि इतक्या वर्षांनी तोंडून आपसूक निघून गेलं.

"आज काम आहे का?"

आनंदीबाईंनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली.

"आहे," त्या म्हणाल्या. "गॅसच्या लायनीत उभं राहायचंय. आजच्यापुरतं."