मातोश्री भंवरीबाई रॅम्प

धुळ्याच्या त्या बाल उपचार केंद्राचा इतिहास सांगायचा तर सुरुवात पत्र्याच्या शेडपासून करावी लागते. केंद्राची पहिली वीसेक वर्षं त्या शेडमध्येच गेली. तिथे एक सतरंजी होती आणि केळीला टेकू देतात तसले दोन बांबू आडवे बांधलेले होते. अधू पायांची मुलं त्यांना धरून उभी राहायला शिकत. बेबाबाईची नूतन तिथेच पहिल्यांदा उभी राहिली, दोन पावलं चालली आणि आईकडे बघून हसली. उपचार करणारे समाधान सर म्हणाले, "ताई, सराव चुकवायचा नाही. चुकला तर पाय पुन्हा आखडतील." बेबाबाईने ते वाक्य पदरात गाठ मारावी तसं जपलं.

पण असल्या शेडमध्ये देणगीदार पाहुण्यांना काय दाखवणार? म्हणून केंद्राने प्रगती करायचं ठरवलं. तीन मजली इमारत उभी राहिली. खाली देणगीदारांचं सभागृह आलं, त्याच्यावर कार्यालय, आणि सराव सगळ्यात वर गेला. देणगीदार वयस्कर असून त्यांना गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही, असं ठरावात स्पष्ट नमूद होतं. मुलांच्या गुडघ्यांचा विषय त्या बैठकीपुढे नव्हता. पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं रंगवली होती. फिरत्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही, म्हणून ऐन मे महिन्यातही पंखे बंद ठेवण्यात येत. जुने बांबू 'संस्थेचा वारसा' म्हणून सभागृहात काचेच्या पेटीत विसावले.

बेबाबाई नूतनला कडेवर घेऊन जिना चढायची. पोर वाढत होती, तशी आईची कंबर धरत होती. शेवटी तिने केंद्राचे अध्यक्ष मदनलालशेठ यांना गाठलं.

"शेठ, इमारत, सभागृह, बठ्ठं चांगलं शे. पन मन्ही पोर वर कशी जाई?"

शेठ मनाने वाईट नव्हते. त्यांची आई शेवटची वर्षं खाटेवरच होती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी आईच्या नावाने थेट वरपर्यंत जाणारा रॅम्प बांधून दिला. अडचण एवढीच आली की भिंती आधीच्या नावांनी भरून गेल्या होत्या. तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी, पूर्ण रुंदीची संगमरवरी फरशी बसवून तिच्यावर 'मातोश्री भंवरीबाई' असं कोरण्यात आलं. उद्घाटनाला फरशीवर हार घातला गेला, आणि मग प्रश्न पडला की आता हिच्यावर पाय कोण देणार?

कार्यकारिणीने तातडीची बैठक घेऊन रॅम्पला आडवी दोरी बांधून तो बंद केला.

"फरशी उचलून दुसरीकडे बसवली तर?" समाधान सरांनी विचारलं.

"सर, आईला उचलून बाजूला ठेवू म्हणता?" शेठ म्हणाले.

"मंग चाकनी खुर्ची लई जाऊ का?" बेबाबाईने दारातूनच विचारलं.

चाक हे पायाच्या बदल्यात असल्यामुळे ते पायच समजावं, असा निर्णय एकमताने झाला.

बेबाबाईच्या कंबरेने हात टेकले. नूतनचा सराव आधी अधूनमधून चुकू लागला, मग चुकतच राहिला. तेवढ्यात केंद्राचा रौप्यमहोत्सव आला. पाहुण्यांना वारसा दाखवायचा म्हणून बांबू पेटीतून बाहेर निघाले आणि सभागृहात बांधले गेले. नूतनला त्यांच्यामध्ये उभं केलं. पाय थरथरत होते, पण बांबू ओळखीचे होते. ती उभी राहिली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तिने पुढे पाऊल उचललं, तोवर भाषणांची वेळ झाली आणि बांबू परत पेटीत गेले.

"शेठ, थोडा दिन ते बांबू तरी द्या. पोर उभी राही."

"बाई, तो वारसा आहे. वापरला तर झिजेल," शेठ हळुवारपणे म्हणाले.

नूतन आता येत नाही. तिचे पाय आखडले, सर म्हणाले होते तसेच. हे लिहिताना संताप होतो.

केंद्राचा वार्षिक अहवाल मात्र देखणा निघाला आहे. मुखपृष्ठावर बांबू धरून उभी असलेली नूतन आहे. तुमच्याकडेही एक प्रत आली होतीच. तुम्ही मुखपृष्ठ उलटून थेट देणगीदारांच्या पानावर गेलात, आणि आपलं नाव बारीक अक्षरात छापलं म्हणून केंद्राला फोनही केलात.